दोघांच्या सह्या

कलादालनाच्या मधोमध एक बाक होता आणि त्यावर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक बसले होते. तीन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, न बोलता, न वाचता, नुसते वाट पाहत. कशाची, ते दाराजवळच्या फलकावर लिहिलेलं नव्हतं. एवढंच होतं, की घड्याळातला काळ सगळ्यांचा असतो, वाट पाहणाऱ्याचा काळ त्याचा एकट्याचा. कुणीही येऊन शेजारी बसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बायको आली. ती टपाल कचेरीत खिडकीवर काम करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आधी हॉस्पिटलमध्ये गेली होती, तिथून थेट इथे. फलक तिने उभ्याउभ्या पूर्ण वाचला. दारावरच्या मुलीने तिला ओळखलं नाही.

"तुम्ही बोललात तरी चालेल, काकू," ती म्हणाली. "पण ते उत्तर नाही देणार."

"सवय आहे," बायको म्हणाली.

बाक तिने लगेच ओळखला. तिघांचा, भोकाभोकांच्या पत्र्याचा, आयसीयूच्या बाहेर असतो तो. सात महिने ती तसल्याच बाकावर बसत होती. पहिले दोन महिने तेही बसले. मग वही घेऊन यायला लागले. मग येईनासे झाले, आणि हे सुरू झालं.

एका टोकाला एक निवृत्त गृहस्थ बसले होते. तिला जागा करून देत ते हळूच म्हणाले, "काय चिकाटी आहे माणसाची! पापणीसुद्धा लवत नाही."

"घरी दूध तापत ठेवलं तर दोन मिनिटं उभे राहत नाहीत," ती म्हणाली.

गृहस्थ हसले. ती मधल्या जागेवर बसली. नवऱ्याने मान वळवली नाही, पण त्यांच्या गुडघ्यावरची बोटं आखडली.

तिने पिशवीतून कागद काढला. "अहो, डॉक्टरांनी हा दिलाय. व्हेंटिलेटर काढायचा. तिसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, श्वास मशीन घेतंय, आपली पोरगी नाही." ती खिडकीवर बोलावं तसं सरळ, एका सुरात बोलत होती. "दोघांच्या सह्या लागतात. माझी झालीय. तुम्ही बोलू नका, तुमचा नियम मोडायला नको. फक्त सही करा."

निवृत्त गृहस्थ उठले. कुठे बघावं ते त्यांना कळेना. खाली मान घालून ते दाराकडे गेले आणि बाहेर पडले.

सही जिथे करायची तिथे तिने पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. चष्मा विसरून आलेल्या म्हाताऱ्यांना मनीऑर्डरच्या फॉर्मवर मारून द्यायची तशी. प्राध्यापकांनी कागद मांडीवर घेतला. वरपासून वाचला. पुन्हा वाचला. लेकीचं नाव टाइप केलेलं होतं, त्यापुढे वय, एकोणीस. दाखल केलं तेव्हा अठरा होतं. मधला वाढदिवस आयसीयूच्या काचेआड होऊन गेला होता.

तिने पेन पुढे केलं. आयुष्यभर उत्तरपत्रिकांवर न बघता सही ठोकणारा माणूस, पण आज एकेक अक्षर काढत होता. मध्येच थांबला. तिला ठाऊक होतं, सकाळी तिचंही आडनावापाशी तसंच झालं होतं.

सही झाली. तिने कागदाची घडी घातली.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

दोन दिवसांतला त्या बाकावरचा त्यांचा पहिला शब्द होता. खरवडून बाहेर आला. दारावरच्या मुलीने चमकून वर पाहिलं.

"वेळ ठरवलेली नाही त्यांनी. म्हणाले, तुम्ही दोघं आलात की मग."

"आपण गेलो की."

"हो."

ते समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिचे हात गरम होते का आज?"

"उजवा होता."

त्यांनी मान हलवली. ती उठेल असं त्यांना वाटत होतं. तिला वाटत होतं, ते उठतील. रिक्षा दारातच मिळाली असती, हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं. तिने पिशवीचा बंद खांद्यावर घेतला, आणि तशीच बसून राहिली. मग त्यांनी तिचा हात धरला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. चार लोकांत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता.

लोक येत होते. फलक वाचत होते. एक जोडपं बराच वेळ उभं राहून दोघांकडे बघत होतं. त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "काल एकटेच होते ना हे? आज जास्त चांगलं वाटतंय." मग तीही दोघं गेली. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत बाकाच्या पायापर्यंत आलं, आणि तिथून भिंतीवर चढायला लागलं.

साडेचारला फोन वाजला. तिने तो तिसऱ्या रिंगला उचलला.

"हो, सिस्टर. झाल्या, दोघांच्या झाल्या सह्या," ती म्हणाली. प्राध्यापक तिच्या तोंडाकडे बघत होते. "नाही, नाही, निघालोय आम्ही. वाटेतच आहोत. ट्रॅफिक फार आहे हो."

फोन तिने मांडीवर उलटा ठेवला, खांद्यावरची पिशवी काढून खाली जमिनीवर ठेवली, आणि बाकाला पाठ टेकली.