वाचून झाल्याची खूण

माद्रिदच्या रविवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात आन्सेल्मोला स्वतःच्याच कादंबऱ्या दिसल्या: घोडेस्वारांच्या, प्रेमाच्या, भुतांच्या, मंगळावरच्या. जन्मभर लिहिल्या, पण सगळ्या उसन्या, परदेशी नावांनी. शेजारची म्हातारी एकेक उघडून चाळत होती. “काय शोधताय?” त्याने विचारलं. “माझा मासा. वाचून झालं की पुस्तकात जांभळ्या पेन्सिलीने काढून ठेवते, नाहीतर तेच पुन्हा गळ्यात पडतं.” मग हसून म्हणाली, “नावं दहा, पण लिहिणारा लबाड एकच! कुणी दुःखात असलं की हा त्याला संत्रं सोलायला बसवतो, साल तुटू न देता. मंगळावरसुद्धा! गेला असेल बिचारा.” आन्सेल्मोला संत्रं सोलणारी आईची बोटं आठवली. त्याने खिशातलं संत्रं काढलं आणि सावकाश सोललं. अखंड साल वाऱ्यावर झुलू लागली. म्हातारी बघतच राहिली. “हात कर इकडे, लबाडा!” त्याच्या ओल्या तळव्यावर जांभळा मासा उमटला.