दोनदा सांगितलं होतं

निधी बारावी पास झाली त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बारा साली, कारखान्याचा मॅनेजर त्यागी याचा जबाब अखेर कोर्टात नोंदला गेला. वकिलाने दिलेली नक्कल घेऊन मुरलीधर घरी आला, तेव्हा कौशल्यावहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. लक्ष्मीबाई नगरातले जेवणाचे डबे पोचवून त्या थेट मेट्रोने आल्या होत्या.

"सोळा वर्षं दुबईत दडून बसला," मुरलीधर चपला काढत म्हणाला. "वहिनी, तुमच्या नवऱ्याला ज्याने कोंडून मारलं, त्याला शिक्षा झाल्याशिवाय मी मरत नाही."

"शिक्षा?" निधी हसली. "बाबा, उसको स्कूल भेजोगे क्या?"

"गप गं, दिल्लीवाली," तिची आई कल्पना म्हणाली. "आपल्यात शिक्षा म्हणजे सजा."

"अच्छा. मग सजा म्हणा ना, यार."

"बापाला यार म्हणते!"

कौशल्यावहिनीही हसल्या. त्या क्वचित हसत.

मुरलीधर आणि वहिनींचा नवरा हरिदास हडपसरच्या बर्फाच्या कारखान्यात बरोबर होते. गाझियाबादच्या पुढे गव्हाची शेतं घेऊन मांसाचा नवा कारखाना उभा राहिला, तिथे अमोनियाची यंत्रं सांभाळणारी माणसं हवी होती. पंचाण्णवच्या दिवाळीनंतर दोघे आले. हिंदीचं कसं करायचं, असं मुरलीधरने गाडीतच विचारलं होतं.

"मराठीला 'है' लावायचं," हरिदास म्हणाला होता. "झाली हिंदी."

वर शेडमध्ये म्हशी कापल्या जात. तळघरात मांस गोठे आणि पेट्यांतून आखातात जाई. उद्घाटनाला मंत्री आले होते. देशाची दारं उघडली, असं ते भाषणात म्हणाले. यंत्रांबरोबर गॅसचे बारा मास्कही परदेशातून आले होते. ते मॅनेजर त्यागीच्या ऑफिसात काचेच्या कपाटात कुलपात असत. परदेशी तपासनीस आले की काढायचे, पुसायचे, पुन्हा ठेवायचे.

मुरलीधरने एकदा मास्क मागितला, तेव्हा त्यागी म्हणाला, "तेरे मुँह के लिए नहीं आए। दिखाने के लिए आए हैं।"

मे महिन्यात तळघरातला अमोनियाचा पाइप फुटला. हरिदास व्हॉल्व्ह बंद करायला जिना उतरून गेला. मुरलीधर वर कॉम्प्रेसरपाशी राहिला.

पुढचं मुरलीधरने इतक्यांदा सांगितलं होतं, की निधीला ते पाठ होतं.

"ऑफिसातून त्यागीचा फोन आला. मला डोळ्यांनी दिसेना. तोंडावर ओला पंचा. श्वास घेववत नव्हता, तरी मी दोनदा सांगितलं, खाली आहे, खाली आहे. आणि त्या हरामखोराने तळघराचं दार लावून घेतलं! गॅस वर आला तर शेडमधला माल नासेल म्हणून. माल वाचवला, माणूस कोंडला."

मग तो स्वतःच कोसळला होता. तिसऱ्या दिवशी इस्पितळात शुद्धीवर आला, तोवर हरिदासला अग्नी दिला होता आणि त्यागी विमानात बसला होता.

कोर्टात मुरलीधर हेच हिंदीत सांगे. आता त्याची हिंदी चांगली झाली होती. "मैंने दो बार कहा था साहब, आदमी नीचे है।" एकेक न्यायाधीश बदलत गेले. कारखाना बंद पडला. त्या जागी वीस मजली इमारती झाल्या, फाटकाशी कारंजं आलं. कोर्टाची नोटीस परत येई, शेरा एकच: इथे अशी कंपनी नाही. जिथे माणूस गुदमरून मेला, तिथे लोक संध्याकाळी कुत्री फिरवत. मुरलीधर त्या रस्त्याने जात नसे.

"वाच," त्याने कागद निधीकडे दिले. "मोठ्याने. काय खोटं बोललाय ते वहिनींना ऐकू दे."

निधीने पानं उलटली. मास्क कुलपात होते, हे त्यागीने कबूल केलं होतं.

"बघा!" मुरलीधरने मांडीवर थाप मारली. "पुढे?"

"'मैंने फ़ोन करके पूछा, तहख़ाने में कोई है? मुरलीधर ने दो बार जवाब दिया, खाली है, खाली है। तब मैंने दरवाज़ा बंद करवाया।'"

निधी थांबली. तिने वर पाहिलं.

"हा झूठ बोलतोय ना, बाबा? काका आत असताना तळघर रिकामं आहे, असं तुम्ही कशाला सांगाल?"

"खाली आहे... खाली है," मुरलीधर पुटपुटला. कौशल्यावहिनींनी हातातला पेला जमिनीवर ठेवला.

हरिदास सतरा मे एकोणीसशे शहाण्णव रोजी दुपारी तळघराच्या दाराशी, आतल्या बाजूला वारला.