नितळ पाणी

सलिलने फिश टँकमध्ये लाकूड ठेवलं आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालं. "अगं आई, घाण नाही ती. लाकडाचा रंग उतरतो, पाणी जरा आम्लधर्मी होतं. माशांना ते मानवतं." यावर चित्राताईंचं ठरलेलं उत्तर, "पाहुण्यांना नाही मानवत."

सलिल अपघातात गेला. पुढे लाकडातला रंगही संपत गेला, आणि सांत्वनाला येणारे पाहुणे टँकचं कौतुक करू लागले.

एका सकाळी चित्राताई ठाकुर्लीहून रिक्षा करून कल्याणला, सलिलच्या नेहमीच्या दुकानात गेल्या.

"पाणी लाल करणारं लाकूड द्या."

दुकानदार हसला. "काकू, लोक लाल पाण्यावरून माझ्याशी भांडायला येतात!"

"आमच्या सलिलच्या टँकमध्ये तसंच पाणी होतं."

"म्हणजे तुम्ही ठाकुर्लीच्या सलिलच्या आई?" त्याने आतून एक लाकूड आणून समोर ठेवलं. "मग हे न्या. त्यानेच सांगून ठेवलेलं. उकळून उकळून सगळा रंग काढलाय. म्हणाला, आईला नितळ पाणी आवडतं.

"आहे कुठे पण तो? न्यायला आलाच नाही."