खुणेचा शब्द

हल्ली घरच्यांच्या हुबेहूब आवाजात फोन करून फसवतात, हे बाबांनी राजसीच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. दोघांनी खुणेचा शब्दही ठरवला होता, जांभूळ. "माझ्या आवाजात कोणी रडलं तरी आधी शब्द विचारायचा. नाही सांगता आला तर फोन कट, नंबर ब्लॉक. दयामाया नाही!"

मंगळवारी दुपारी ती उल्हासनगरला कॉलेजात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज बाबांचा, पण जड, अडखळता.

"राजू, मी बदलापूर स्टेशनजवळ... कसंतरीच होतंय गं. माझा मोबाइल घरी राहिलाय. लवकर ये."

"शब्द सांगा."



"आठवत नाहीये गं, बाळा..."

तिने फोन कट केला, नंबर ब्लॉक केला आणि बाबांना मेसेज टाकला, 'आज एक फ्रॉडवाला पकडला! शब्द विचारला तर नुसतं त त प प!'

तिसऱ्या दिवशी बाबांनी हॉस्पिटलात डोळे उघडले. आणायला उशीर झाला, आता बोलणं कठीण आहे, असं डॉक्टर आईला सांगत होते.

राजसी समोर दिसताच बाबांनी सगळा जीव एकवटून, वाकड्या झालेल्या तोंडातून एकच शब्द बाहेर काढला.

"जांभूळ."