जेवणाच्या सुट्टीतली दुर्बीण

"डावीकडे, डावीकडे! त्या वाकड्या फांदीवर खंड्या बसलाय. दिसला का?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"दिसला," ती म्हणाली. साफ खोटं. तिची दुर्बीण फांदीवर नव्हतीच. झुडपाच्या फटीतून ती वाटेपलीकडच्या बाकावर रोखलेली होती. तिथे तिचे सासरे बसले होते आणि त्यांच्या मांडीवर तिचं दहा महिन्यांचं पिल्लू.

दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर ती नुकतीच पुन्हा रुजू झाली होती. शेजारच्या टेबलावरचे काका जेवणाच्या सुट्टीत बागेत पक्षी बघायला जात. "मीही येते," ती एकदा म्हणाली आणि काका हरखलेच. एवढ्या वर्षांत मिळालेली पहिली शिष्या! साळुंकी कोणती नि कोकीळ कोणता हे शिष्येला अजून कळत नव्हतं, पण ते त्यांनी पोटात घातलं.

सासूबाईंनी बजावलं होतं, "दुपारी हे त्याला बागेत नेतात, तिथे तोंड दाखवू नकोस हं. तुला बघितलं की भोकाड पसरेल, मग दूध नाही की झोप नाही." म्हणून हे झुडूप. डबा तसाच परत जायचा, पण पोट भरायचं.

काल मात्र आक्रीत झालं. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने हात पुढे केले, तर पोराने आजोबांच्या मानेत तोंड खुपसलं. विसरला की काय हा मला?

आज दुर्बिणीत त्याचे खालचे दोन दात लख्ख दिसले. इतरांचे दात बसवण्यात दिवस घालवणारी ती त्या तांदळाच्या दोन कण्यांकडे बघतच राहिली. आणि एकाएकी ते डोळे थेट तिच्याकडे वळले. दोन्ही हात वर. खिदळणं. टाळ्या.

ती धपकन खाली बसली. फांद्या हलल्या.

"उडाला ना!" काका हळहळले. "पोरी, किती गं धांदरट तू!"

तिचं कुठे लक्ष होतं! सासऱ्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांची कुजबुजही अख्ख्या बागेला ऐकू जाई.

"श्शू! रोजच्यासारखं गुपचूप बघ की रे, लबाडा. आपल्याला ती दिसते हे कळलं, तर उद्यापासून यायची नाही तुझी आई!"