जळका वास

शौकतमिस्त्रींनी गिअरबॉक्समधलं ऑइल मोजायची पट्टी तिसऱ्यांदा नाकाशी धरली. काहीच नाही. गेल्या वर्षीच्या तापात त्यांना वास येणं बंद झालं होतं, आणि हे घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

“चढावर नुसतं इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकतच नाही,” वीस वर्षांच्या ऑटोमॅटिक गाडीपाशी येरझाऱ्या घालत इनामदारबाई म्हणाल्या. “उद्या बाळंतीण लेकीला घेऊन घाट चढायचाय. तुम्ही म्हणे वासावरूनच सांगता!”

ऑइल जळकं असेल तर आतल्या क्लचप्लेटा गेल्या. नसेल तर नवं ऑइल घातलं की काम झालं. रंग ना धड लाल, ना धड काळा.

“तुम्हीच हुंगा की, बाई. गिऱ्हाइकालाही कळलं पाहिजे,” म्हणत त्यांनी पट्टी पुढे केली.

बाईंनी हुंगली. “कसलाच वास नाही!”

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नव्या ऑइलचा डबा फोडायला घेतला.

“पण माझं काही खरं धरू नका हं,” बाई ओशाळल्या. “मला हल्ली वासच येत नाही.”

मिस्त्रींनी डबा खाली ठेवला. “उद्यासाठी दुसरी गाडी बघा, बाई. मी बॉक्स उघडतो.”

“म्हणजे तुम्हाला जळका वास आला?”

“वास मलाही येत नाही.”