टायरेलचा गुडघा

वेंडेलने हेरलेले खेळाडू सलग तीन वर्षं फुसके निघाले होते. यंदा हुकलं तर नोकरी गेलीच म्हणून समज, असं मालकाने बजावलं होतं. त्याला टायरेल सापडला, अस्सल हिरा! पण नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये त्याच्या टोलेडोच्या बास्केटबॉल संघाचा नंबर नववा. म्हणून वेंडेल बाकीच्या संघांच्या कानाला लागला, "पोराचा गुडघा कामातून गेलाय. कुणाला बोलू नका हं!"

आठही संघांनी टायरेलला सोडलं. वेंडेल टेबलाखाली पाय नाचवत होता, तेवढ्यात मालकाने भलत्याच पोराचं नाव कळवलं.

"अहो साहेब, टायरेल! गुडघ्याची पुडी मीच सोडली होती!"



"अख्ख्या लीगला दिसलेला गुडघा तुला एकट्याला दिसला नाही, आणि वर थापा मारतोस? नीघ!"